युकातानच्या विहिरी

नदीकाठी संस्कृती वाढते, असे आपण शाळेत शिकलो. मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाचा उत्तर भाग मात्र या नियमाला जुमानत नाही. तेथे भूपृष्ठावर नदीच नाही. जमीन सारी चुनखडीची. पावसाचे पाणी तिच्या भेगांतून खाली उतरते, वाटेत दगड विरघळवते आणि भुयारांतून वाहू लागते. एखाद्या भुयाराचे छत ढासळले की खालचे पाणी उघडे पडते. अशा कुंडाला माया लोक ‘त्सोनोत’ म्हणत. स्पॅनिश जिभेवर त्याचे ‘सेनोते’ झाले. आपल्या काळ्या कातळात विहिरीसाठी सुरुंग लावावे लागतात. दुष्काळी तालुक्यात चाकरी केलेल्या माझ्यासारख्याला म्हणूनच या आयत्या विहिरींचे अप्रूप वाटते.

चिचेन इत्सा या नावाचा अर्थच मुळी ‘इत्सांच्या विहिरीच्या मुखाशी’ असा आहे. या नगरीत दोन मोठी कुंडे आहेत. श्तोलोक हे पिण्याच्या पाण्याचे. दुसरे, सुमारे ६० मीटर रुंदीचे, पर्जन्यदेव चाअक याचे. दिएगो दे लांदा या पाद्र्याने १५६२ मध्ये मानी गावी मायांच्या पोथ्यांची होळी केली. आणि अवर्षणात या कुंडात जिवंत माणसे टाकीत, हेही पुढे त्यानेच लिहून ठेवले. दैवदुर्विलास असा, की मायांविषयी जाणून घेण्यास आज त्याच्याच लेखणीचा आधार घ्यावा लागतो.

एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकनाने ही जागाच विकत घेतली आणि १९०४ पासून कुंडाचा गाळ उपसला. सोन्याच्या चकत्या, जेड, धूप आणि मानवी अस्थी वर आल्या. त्या वस्तू गुपचूप हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेल्या. त्यांतील काही १९७० मध्ये मेक्सिकोला परत मिळाल्या. मधल्या काळात देवाला अर्पिलेल्या सुंदर कुमारिकांची कथा मात्र जगभर झाली. अस्थींनी तिला दुजोरा दिला नाही. त्यांत पुरुष होते, स्त्रिया होत्या, आणि लहान मुले पुष्कळ होती.

त्याच कुंडाजवळच्या एका भूमिगत कोठडीत १९६७ मध्ये बालकांच्या अस्थी सापडल्या होत्या. त्यांतील ६४ जणांची आनुवंशिक तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सारे मुलगे, त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या. मायांच्या पुराणकथेतही जुळे वीर पाताळात उतरतात, हे श्रोत्यांपैकी काहींना आठवेल. तिश्काकाल्तुयुब या गावच्या आजच्या रहिवाशांच्या रक्तातही त्याच वंशाची खूण आढळली.

तिकडे जाणाऱ्याने जवळची बालांकांचेची गुहाही लक्षात ठेवावी. तिचे चिणलेले दालन १९५९ मध्ये उघडले, तेव्हा पर्जन्यदेवतेचे मुख असलेली धूपपात्रे ठेवल्या जागी तशीच उभी होती. दक्षिणेकडे बाकालारचे सरोवर आहे. पांढऱ्या तळामुळे त्याचे पाणी निळ्याच्या अनेक छटा दाखविते. पवित्र कुंडात मात्र पोहण्यास मनाई आहे. इतर कुंडांत प्रवासी खुशाल डुंबतात, आणि आसपासच्या गावांचे पिण्याचे पाणी आजही त्याच चुनखडीखालून येते.