वेंगुर्ल्याचे खडक आणि पाहणारे डोळे

मराठी माणसाला समुद्राचा इतिहास ठाऊक आहे, परंतु समुद्रांतील जीवांचा ठाऊक नाहीं, असें विधान केल्यास कित्येक वाचकांस तें अतिशयोक्तीचें वाटेल. सिंधुदुर्ग, पद्मदुर्ग, कान्होजी आंग्रे हीं नांवें शाळकरी मुलांच्याहि तोंडीं असतात. पण त्याच दर्यांत देवमासा पोहतो, त्याच किनाऱ्यासमोरच्या खडकांवर पाखरांच्या वसाहती वसतात, हें आमच्या बखरकारांनीं लिहिलें नाहीं आणि बखरींवर पोसलेल्या इतिहासकारांनीं विचारलें नाहीं. नळगंगेच्या कांठच्या मलकापुरांत बसून हा विषय मांडणें कोणास विक्षिप्तपणाचें वाटेल; कारण आमच्या जिल्ह्यांत प्रसिद्ध असें खारें पाणी म्हणजे एक लोणारचें. तथापि कांहीं उणिवा दुरूनच अधिक स्पष्ट दिसतात.

उदाहरणादाखल वेंगुर्ल्याचे खडक घेऊं. किनाऱ्यापासून आठ-दहा मैलांवर लहानमोठ्या खडकांचा हा पुंजका आहे. इंग्रजी नकाशांत त्यास ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकीं बेटें, असेंहि नांव आढळतें. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास डच व्यापाऱ्यांची वखार होती. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यास ही जागा सोयीची. या व्यापाऱ्यांच्या तांडेलांस हे खडक दिसत, ते गलबत फुटण्याचें ठिकाण म्हणून. पुढें तेथें दीपगृह झालें, तेंहि त्याच भीतीपोटीं. खडकांकडे पाहणारी पहिली दृष्टि ही अशी भयाची होती.

दुसरी दृष्टि लोभाची. या खडकांतील गुहांत पाकोळीची एक जात राहते. ती आपलें घरटें काड्या-मातीचें न करतां बहुतांशीं स्वतःच्या लाळेचें करते व तें कपारीस चिकटवते. चिनी लोक या घरट्यांचें सूप करून मोठ्या आवडीनें पितात. म्हणून त्यांस परदेशीं भारी मोल. इंग्रजी अमदानींत हीं घरटीं काढण्याचा हक्क मक्त्यानें दिला जाई. जेथें पाखरू पिलांसाठीं घर बांधतें, तेथें सरकारास महसुलाची एक बाब दिसे.

तिसरी दृष्टि जिज्ञासेची, आणि तिच्याशीं जोडलेलें नांव वाचकांस परिचित आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांस आपण १८८५ सालच्या राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ओळखतों. परंतु त्यापूर्वी दहा वर्षें, १८७५ सालीं, हेच गृहस्थ लक्षद्वीप व पश्चिम किनाऱ्याच्या सफरींत या खडकांवर उतरले होते. त्या प्रवासाचा वृत्तांत त्यांनीं स्वतः चालविलेल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिविषयक नियतकालिकांत पुढील वर्षी छापला. ते गेले तो विणीचा हंगाम नव्हता. सुरय पक्ष्यांच्या वसाहतीची कल्पना त्यांस मागें उरलेल्या वाळक्या अवशेषांवरूनच करावी लागली. १८८३ सालीं मुंबईस नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली आणि तिच्या नियतकालिकांत १९४२ सालीं हुमायून अब्दुलअली यांनीं वेंगुर्ल्याच्या सुरयांवर व पाकोळ्यांवर लेख लिहिला. म्हणजे आपल्या देशाच्या माणसानें या खडकांची अशी टिपणें छापावयास पाऊणशें वर्षांच्या जवळपास काळ लोटला.

येथें एक प्रश्न टाळतां येत नाहीं. या विद्वानांची होडी कोणी वल्हवली? कोणत्या कपारींत पाकोळी आहे, कोणत्या महिन्यांत दर्या खडकाला लागूं देतो, हें पिढ्यान् पिढ्या जाणणारे किनाऱ्यावरील गाबीत व इतर दर्यावर्दीच होते. ज्यांस ठाऊक होतें, त्यांनीं लिहिलें नाहीं. ज्यांनीं लिहिलें, त्यांस ठाऊक करून घ्यावें लागलें. आणि आम्ही लिहितेवाचते मराठी लोक या दोहोंच्या मध्यें उभे राहून अमरकोशांतला ‘तिमिंगिल’ शब्द तेवढा घोकीत राहिलों. तिमीला गिळणारा तो तिमिंगिल, हें आम्हांस पाठ. परंतु देवमासा आमच्याच किनाऱ्यानें जातो, याची दखल घेण्याचें आमच्या पंडितांस सुचलें नाहीं.

त्या देवमाशाची कथाहि अशीच. सील हा प्राणी आपल्या समुद्राचा रहिवासी नव्हे. त्यासाठीं थंड सागरांकडे जावें लागतें. निळा देवमासा मात्र आपलाच शेजारी. २०१५ सालच्या उन्हाळ्यांत कुणकेश्वरासमोर संशोधकांस निळे देवमासे जिवंत दिसले, तेव्हां शंभर वर्षांनंतरची नोंद म्हणून वर्तमानपत्रांनीं तिचा गाजावाजा केला. त्याच वर्षी जून महिन्यांत रेवदंड्याच्या किनाऱ्यास सुमारें ४२ फुटांचा निळा देवमासा लागला व तेथेंच मेला. शंभर वर्षें देवमासा आलाच नसेल, असें मानण्याचें कारण नाहीं. नोंदीचा अभाव हा वस्तूचा अभाव नव्हे, हा इतिहासाचा पहिला धडा आहे.

चवथी दृष्टि राखणदारीची. ती अगदीं अलीकडची. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें वेंगुर्ल्याच्या खडकांवरील घरट्यांची चोरी उघडकीस आणली आणि पाकोळीच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें. त्याहून आशादायक गोष्ट २०१८ सालची. जाळ्यांत सांपडलेला संरक्षित सागरी जीव सोडण्यासाठीं मच्छीमारानें जाळें कापल्यास त्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचें राज्य सरकारनें ठरविलें. भरपाईसाठीं छायाचित्राचा पुरावा लागतो. म्हणजे जो आजवर केवळ जाणत होता, तो आतां नोंद करूं लागला. माझ्या मतें या योजनेचें महत्त्व रुपयांपेक्षां या नोंदींत आहे.

आज निवती, तारकर्ली येथून होडींतून डॉल्फिन पाहण्यास प्रवासी हौसेनें जातात. त्यांनीं अवश्य जावें. परंतु विणीच्या खडकावर पाय ठेवूं नये, आणि परत येतांना होडीवाल्यास दोन प्रश्न विचारून त्याचीं उत्तरें त्याच्या नांवानिशीं वहींत उतरून घ्यावीं. आरमाराचा इतिहास आम्हीं परक्यांच्या दप्तरांतून मोठ्या कष्टानें जुळविला. दर्याच्या जीवांच्या इतिहासासाठीं तसें करण्याची पाळी पुढच्या पिढीवर येऊं नये.