नामदास, नामदेव आणि आमच्या वहीतला एक रिकामा रकाना



दिंडीच्या शंभर वर्षांचं स्मरण छापायचं ठरलं, तेव्हा फडाच्या जुन्या ट्रंकेतून पहिल्यांदा बाहेर निघाल्या त्या हजेरीच्या वह्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, दोन-तीन तर पावसात भिजून फुगलेल्या. भिशी कुणी किती दिली, विणा कुणाकडे, डोईवर तुळस कुणाच्या, कोणत्या मुक्कामी पंगत कुणाची, असं सगळं त्यांत टिपलेलं आहे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव असे चार रकाने. शेकडो पानं आम्ही उलटली. बाकी सगळीकडे चारी रकाने भरलेले, पण एका पानावर एक आडनावाचा रकाना कोरा दिसला. वडिलांच्या नावाच्या जागी लिहिलंय ‘नामदेव’, आणि गावाच्या जागी ‘सागर, मध्य प्रदेश’.

हा रकाना कोरा का राहिला, हे दिंडीतल्या जुन्या माणसांना अजून आठवतं. वाखरीच्या मुक्कामी एक नवराबायको आपल्या तंबूशी आले. हिंदी बोलणारे. पायी चालायचंय, जेवणाचे पैसे देतो म्हणाले. वही लिहिणाऱ्यांनी नाव विचारलं. त्या गृहस्थांनी आपलं नाव सांगितलं आणि पुढं ‘नामदेव’ म्हटलं. आपल्याकडे नावापुढं वडिलांचं नाव येतं, म्हणून ते तिथं लिहिलं गेलं. ‘आणि आडनाव?’ म्हणून विचारलं, तर ते परत ‘नामदेव’च म्हणाले. दोनतीनदा असं झाल्यावर लिहिणाऱ्यांनी कंटाळून रकाना सोडून दिला. पुढे पंढरपुरात महाद्वारी पायरीपाशी त्या माणसाने डोकं टेकलं आणि ‘ये हमारे पुरखे हैं’ असं म्हणाला. तेव्हा आपल्यातलेच काहीजण हसले. नामदेवराय आमचे, पंढरीचे. सागरवाल्याचे पूर्वज ते कुठून? त्यानंतरच्या एकाही वहीत ते नाव नाही.

तो रकाना भरावा, एवढ्यासाठीच हा लेख.

नामदेवरायांचं आडनाव

आधी मूळ पाहू. नामदेवरायांचा जन्म शके ११९२ म्हणजे इसवी सन १२७० चा. वडील दामाशेटी, आई गोणाई. घराण्याचं मूळ आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी. धंदा शिंप्याचा. परंपरेनं या घराचं आडनाव रेळेकर सांगतात, आणि रेळेकर आडनावाची मंडळी आजही महाराष्ट्रात आहेत. पण नामदेवरायांच्या अभंगांच्या शेवटी कुठंही रेळेकर येत नाही. तिथं येतो तो नुसता ‘नामा’.

त्यात नवल काही नाही. आज आपण आडनाव म्हणतो तशी पक्की, पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारी वस्तू त्या काळी नव्हती. माणूस गावावरून ओळखला जाई, धंद्यावरून ओळखला जाई, नाहीतर वतनावरून. गाव बदललं की ओळख बदले. पुढे सरकारी दप्तरं आली, शाळेचे दाखले आले, सातबारा आला, आणि त्या घडीला जे नाव चालू होतं ते कागदावर चिकटून बसलं. म्हणून एकाच घराण्याच्या शाखांची आडनावं वेगळी दिसतात. तुकोबारायांचे वंशज देहूत मोरे, तर त्यांच्यातलेच काही देहूकर. पैठणला नाथमहाराजांचे वंशज गोसावी. वासकर, आरफळकर ही फडा-पालख्यांतली मोठी नावंही गावांवरूनच पडलेली आहेत.

नामदेवरायांच्या घरी मात्र वेगळंच घडलं. तिथं आडनाव गावावरून पडलं नाही, धंद्यावरूनही नाही. ते पडलं नामावरून.

नामदास

शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, म्हणजे १३५० साली, नामदेवरायांनी महाद्वारात समाधी घेतली. संतांचे पाय लागावेत म्हणून पायरी होऊन राहिले. परंपरा सांगते, की त्यांच्यामागं घरची माणसंही गेली. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे, घरातल्या बाया, आणि ‘नामयाची दासी’ म्हणवून घेणारी जनाबाई. मग वंश उरला कसा? तर सून लाडाई तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिच्या पोटी जे मूल जन्मलं, त्याच्यापासून पुढची वेल वाढली. पंढरपुरात आज जे नामदास घराणं आहे ते याच वेलीचं.

आम्हाला ही गोष्ट लहानपणापासून कीर्तनातून ऐकून माहीत. पण तिच्यात एक गोष्ट आहे जिच्याकडं आमचं कधी लक्ष गेलं नव्हतं. आपण ‘नामदेवांचे वंशज’ म्हणतो आणि डोळ्यांपुढं बापापासून मुलाकडं येणारी रांग आणतो. ती सगळी रांग एका सुनेच्या हातून पुढं आलेली आहे. माहेरी राहून, सासरचं सगळं गोत एका दिवसात गेल्याचं ऐकून, जिनं मूल वाढवलं, तिचं नाव ना आडनावात आहे ना पायरीवर.

‘नामदास’ या शब्दाचे अर्थ दोन लागतात. नामाचा दास हा एक, आणि नाम्याचा दास हा दुसरा. पहिल्या अर्थानं तो कुणाही वारकऱ्याला लागू पडतो. दुसऱ्या अर्थानं पाहिलं तर वंशजांनी स्वतःला पूर्वजाचे वारस न म्हणता त्याचे दास म्हटलं, असं होतं. आमच्या मते या आडनावाचा मोठेपणा इथंच आहे. मुलगा, नातू, पणतू असण्याचा हक्क हातात असताना नाव घेतलं ते चाकराचं. आणि ते जनाबाईच्या नात्याशी जाऊन भिडतं. जनाबाई रक्ताची नव्हती, ती दासी. घरचे झाले तेही दास.

या नावाला आजही काम आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकानं पाहिलेलं आहे. आषाढात पालख्या वाखरीला पोचल्या की पंढरीतून नामदेवरायांची पालखी सामोरी येते. कार्तिकीनंतर हीच पालखी आळंदीला जाते, आणि कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींच्या समाधी सोहळ्यात नामदास महाराजांचं कीर्तन होतं. १२९६ साली माउलींनी समाधी घेतली तेव्हा नामदेवराय जवळ होते आणि तो सगळा प्रसंग त्यांनी अभंगांतून सांगितला. त्या दिवशी ज्यानं सांगितलं, त्याच्याच घरानं आजही सांगायचं.

एक मात्र ध्यानात ठेवावं. नामदास हे नाव ऐकलं की ते पंढरपूरच्या याच घरचं, असं धरून चालू नये. नामाचा दास असं नाव कुठंही, कुणालाही पडू शकतं. आडनाव सारखं म्हणून कूळ एक, हा हिशेब दर वेळी जुळत नाही.

उत्तरेत काय झालं

आता सागरच्या त्या गृहस्थांकडं वळू. माउलींच्या समाधीनंतर नामदेवराय उत्तरेत गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचा पुष्कळ काळ मुक्काम झाला, असं तिथली आणि आपली, दोन्ही परंपरा सांगतात. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदं आहेत. म्हणजे जिथं गुरुद्वारा आहे तिथं, मग तो अमृतसरचा असो नाहीतर इंग्लंड-कॅनडातला, आपल्या नाम्याची वाणी आदरानं वाचली जाते. २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं. अध्यक्ष होते तुकोबारायांच्या घराण्यातले डॉ. सदानंद मोरे. तेव्हा कुठं महाराष्ट्रातल्या पुष्कळांना या गावाचं नाव कळलं.

घुमानला नामदेवरायांच्या स्थानाची सेवा करणारी मंडळी ‘बावा’ आडनाव लावतात. ती स्वतःला बहोरदास या नामदेवांच्या शिष्याच्या वंशातली मानतात. म्हणजे पंढरपुरात जे रक्तानं आलं, ते घुमानला शिष्याच्या नात्यानं आलं.

तिसरी वाट धंद्याची. आपल्या हिंदी पदांत नामदेवराय स्वतःला छीपा म्हणवतात. मराठीत शिंपी म्हणजे कापड शिवणारा. उत्तरेत छीपा म्हणजे कापडावर ठशांनी छपाई करणारा, कापड रंगवणारा. पंजाबात छींबा म्हणतात, त्यांत शिवणारे आले, छापणारे आले, कपडे धुणारेही आले. सुई आणि ठसा हे दोन वेगळे धंदे. पण दोन्हीकडच्या लोकांनी नामदेवरायांना आपलं मानलं. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाब इथल्या छीपा, दर्जी, छींबा समाजांत नामदेवांच्या नावाची मंदिरं आहेत, धर्मशाळा आहेत, आणि यांतल्या बऱ्याच जणांनी त्यांचं नावच आडनाव म्हणून घेतलं. मध्य प्रदेशात ‘नामदेव’ हे आडनाव चांगलंच ओळखीचं आहे. हिंदी सिनेमातले नट गोविंद नामदेव आपण पाहिलेले आहेत. तेही सागरचेच.

ही रीत एकट्या छीपा समाजाची नाही. सेना न्हावींचे अभंग आपण गातो, त्यांचं एक पद गुरू ग्रंथसाहिबातही आहे. राजस्थान, मध्य प्रदेशात नाभिक समाजातले पुष्कळ लोक ‘सेन’ किंवा ‘सैन’ आडनाव लावतात. रविदासांचं, कबीरांचं नावही असंच समाजांनी घेतलेलं आहे.

असं का केलं असेल? आडनाव विचारणं म्हणजे आपल्याकडे पुष्कळदा जात विचारणं असतं. धंद्याचं नाव सांगितलं की विचारणारा नाक मुरडणार. मग विचारणाऱ्यालाच ज्याच्यापुढं हात जोडावे लागतात, असं नाव सांगितलेलं बरं. नामदेव म्हटलं की धंदाही कळतो आणि मानही राखला जातो. त्या नावात लपवाछपवी नाही. आमच्यातला एक मोठा माणूस झाला, आम्ही त्याचे, एवढंच ते सांगतं.

आपल्याकडं हे नाव कसं आहे

महाराष्ट्रात नामदेव हे पाळण्यातलं नाव. घरोघरी एखादा नामदेव निघतोच, कुठल्याही जातीत निघतो. कवी नामदेव ढसाळ हे एक उदाहरण पुरे. इथं शिंपी समाजानं हे नाव जातीच्या नावात घेतलं, ‘नामदेव शिंपी’ असं, आणि आडनावं मात्र गावांची वगैरे ठेवली. कर्नाटकातही नामदेव सिंपी समाज आहे. तोही विठ्ठलाला मानतो. म्हणजे एकच नाव, पण कृष्णेकाठी ते मुलाचं नाव झालं, बुंदेलखंडात आडनाव झालं, शिंपी समाजात जातीला जोडलं गेलं, आणि पंढरीत ‘दास’ लावून घराण्याचं झालं. आपल्या वहीचे चार रकाने मराठी मुलखापुरते आखलेले होते. त्यांत सागरचा माणूस बसला नाही, यात दोष त्याचा नव्हता.

मग खरे नामदेवरायांचे कोण? रक्ताचे नामदास, शिष्याच्या नात्यानं बावा, की धंद्याच्या नात्यानं नामदेव? पंढरपूरच्या घराण्याचा मान आहे तो आहेच, त्याला कुणी हात लावू नये. पण बाकीच्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

चोखोबारायांची गोष्ट आठवावी. मंगळवेढ्याला कुसू कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले, त्यांच्याबरोबर आणखी कितीतरी मजूर गेले. नामदेवराय त्यांच्या अस्थी आणायला गेले, तेव्हा कुणाची हाडं कुठली, हे ओळखायचं कसं? कीर्तनकार सांगतात, नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी लावलं. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोखोबाचं. तिथं त्यांनी कूळ विचारलं नाही, गाव विचारलं नाही. त्या अस्थी आणून त्यांनी महाद्वारासमोर समाधी दिली. ती समाधी आणि ही पायरी आजही समोरासमोर आहेत. आपल्या पायरीपाशी डोकं टेकणाऱ्या माणसाला मात्र आपण आडनाव विचारत बसलो.

आमच्या वहीत पूर्वी आडनावाशेजारी बारीक अक्षरांत जातही लिहीत, हेही या शोधात दिसलं. पुढं ती लिहिणं बंद झालं. कुणी ठराव केला नाही, लिहिणारा बदलला आणि त्यानं लिहिली नाही. शंभर वर्षांच्या अंकात आपल्या चांगल्या गोष्टी पुष्कळ येतील, म्हणून ही एक उणी बाजूही इथं नोंदवून ठेवतो.

या अंकाच्या शेवटी आजवरच्या वारकऱ्यांची जी यादी छापली आहे, तीत सागरच्या त्या गृहस्थांचं नाव दुरुस्त करून घातलं आहे. वडिलांच्या नावाचा रकाना आता मोकळा आहे, कारण ते आपण त्यांना विचारलंच नव्हतं. आडनावाच्या रकान्यात लिहिलं आहे, ‘नामदेव’. अंकाची एक प्रत सागरला पाठवायची आमची इच्छा आहे. वहीत पूर्ण पत्ता नाही. तिकडचा कुणी वारीत भेटला, तर त्यानं आमच्या तंबूत यावं. नाव सांगितलं की पुरे, पुन्हा विचारणार नाही.

रामकृष्णहरी.