टोपीकरांशी सौदा

परदेशी माल घेताना आपण मालाचा कस पाहतो. विकणाऱ्याची रीत पाहत नाही. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा तर पुरवलाच, शिवाय आपले निशाण लावून गडावर तोफाही डागल्या. महाराजांनी १६६१ साली त्यांची वखार लुटली. पण तोफा टोपीकरांकडूनही घ्याव्या लागत. म्हणून १६७४ साली त्याच इंग्रजांशी रायगडावर तह झाला. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात याचे मर्म सांगितले : टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राज्य उभे असते. त्यांना व्यापार करू द्यावा, पण वखारीस जागा समुद्रकाठी, खाडीजवळ देऊ नये. सौदा करावा, मात्र समोरचा कोण, हे ओळखून.