पद्मिनीच्या बॉनेटवरचे ठिपके

मी पॉलिश शिकलो ते कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर. बोअरचं पाणी उन्हात सुकलं की काळ्या बॉनेटवर पांढरे ठिपके उमटत. पाणी उडतं, कॅल्शियम मागे उरतं. उस्ताद पातळ व्हिनेगरचं फडकं नुसतं टेकवायचे. क्षार सुटला की भरपूर पाणी, मग कार्नोबा मेण. जुनाट डाग मात्र घासावाच लागे, आणि फडक्यावर रंगच यायचा.

पुढे रंगावर क्लिअरकोट आला; आता घासलं तर झिजतो तो पारदर्शक थर, फडकं कोरंच. त्यावर सिरॅमिक कोटिंग केलेले गिऱ्हाईक तर निर्धास्त असतात. उगाच! कोटिंगवर थेंब गोल उभा राहतो आणि तिथंच सुकून ठसठशीत कडं सोडतो. म्हणून गाडी सावलीत धुवावी, लगेच पुसावी. औषध अजून तेच, व्हिनेगर.