होगा कुस्तेन
होगा कुस्तेन (अर्थ: 'उंच किनारा') हा स्वीडनच्या पूर्व भागातील, बोथनियाच्या आखातालगतचा किनारी प्रदेश आहे. शेवटच्या हिमयुगात सुमारे ३ किलोमीटर जाडीच्या हिमस्तराच्या भाराने येथील भूकवच खाली दबले होते. हिम वितळल्यावर जगभर समुद्रपातळी वाढली. येथे मात्र भारमुक्त झालेली जमीन त्याहून वेगाने वर आली व समुद्र मागे हटला. गेल्या सुमारे ९,६०० वर्षांत हे उत्थान जवळपास २८५ मीटर झाले आहे. त्यामुळे प्राचीन पुळणींवरील गोटे आज डोंगरउतारांवर आढळतात आणि समुद्रापासून तुटलेल्या खाड्यांची सरोवरे झाली आहेत. जमीन अद्याप दरवर्षी सुमारे ८ मिलिमीटर वर येत आहे. युनेस्कोने २००० साली या प्रदेशाचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला.