प्राणायामाने ऑक्सिजन वाढतो का? लोणावळ्याच्या प्रयोगशाळेची जुनी गोष्ट

मागच्या आठवड्यात एक काकू ओपीडीत आल्या. हातात पल्स ऑक्सिमीटर, चेहऱ्यावर काळजी. "डॉक्टर, रोज अर्धा तास प्राणायाम करते, तरी आकडा 97 च्या वर सरकतच नाही!" करोनानंतर नागपुरात हे यंत्र घरोघरी आले आणि त्याबरोबर हा प्रश्नही आला. कदाचित तुमच्याही मनात असेल.

गंमत म्हणजे या प्रश्नाचे उत्तर एका योग्यानेच जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात.

जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म 1883 चा. बडोद्याला माणिकरावांकडे व्यायाम शिकले, काही काळ खानदेशात अमळनेरला शिक्षणाचे काम केले, आणि 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही काढले. त्यांचा आग्रह असा की योगाबद्दल जे काही म्हणायचे ते आधी मोजून पाहायचे. नौली करताना पोटात निर्माण होणारी निर्वात स्थिती त्यांनी मोजली आणि तिला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. श्रद्धा आणि मोजमाप असे एकत्र नांदताना मला फार क्वचित दिसते.

तेव्हाही सगळे हेच सांगत, की दीर्घ श्वास घ्या, भरपूर ऑक्सिजन मिळेल. कुवलयानंदांनी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे पृथक्करण केले. संथ प्राणायामात श्वासांची संख्याच इतकी कमी होते की मिनिटाला शरीरात शिरणारा ऑक्सिजन नेहमीपेक्षा फार वाढत नाही, असे त्यांना आढळले. त्यांच्याकडे शिकायला आलेले येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन यांनी उज्जायीत ऑक्सिजनचा वापर वाढलेला मोजला, पण स्नायू काम करतात तेव्हा तो वाढणारच. कुवलयानंदांनी प्राणायाम सोडला नाही. त्याचे मोल ऑक्सिजनमध्ये नसून मज्जासंस्थेवरच्या परिणामात आहे, असे त्यांनी मांडले. आपल्याच आवडत्या गोष्टीबद्दलचा लोकप्रिय दावा असा खोडून काढायला धीर लागतो.

आता काकूंचा 97. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. भरलेल्या माठात आणखी पाणी ओतले तर ते सांडणारच.

मग श्वास किती घ्यायचा हे ठरवते कोण? मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर, लंबमज्जेत श्वसनाचे केंद्र आहे. ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवते. हे 1905 साली ऑक्सफर्डच्या हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवले. फुप्फुसातला कार्बन डायऑक्साइड फक्त 0.2 टक्के वाढला तरी श्वसन जवळजवळ दुप्पट होते! ऑक्सिजनसाठी मानेतल्या रोहिणीजवळ वेगळे पहारेकरी आहेत, पण त्यांना जाग उशिरा येते. साधारण ऑक्सिमीटरवर 90 च्या आसपास आकडा आला की मगच ते मोठ्याने ओरडू लागतात.

कैवल्यधामच्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून अभ्यास केला. 1968 साली तो इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आला. भूगर्भ समाधीच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. त्यामागचे गणित आपणही करून पाहू. शांत बसलेला माणूस तासाला साधारण 15 लिटर ऑक्सिजन वापरतो आणि 12 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खड्ड्यात 4000 लिटर हवा असेल तर सोळा-सतरा तासांनी ऑक्सिजन 21 वरून 15 टक्क्यांच्या जवळ येतो, म्हणजे बद्रीनाथला मिळतो साधारण तेवढा. तेवढ्याने कोणी तडफडत नाही. पण कार्बन डायऑक्साइड तोवर 5 टक्क्यांवर गेलेला असतो, आणि धाप लागते ती त्याने.

हे नुसते कुतूहल म्हणून सांगत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन 80 असलेले रुग्ण माझ्यासमोर बसून मोबाइलवर बोलत होते. "मला काही होत नाही हो," म्हणत होते. त्यांची फुप्फुसे ऑक्सिजन घेऊ शकत नव्हती, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत होती, कारण तो फार सहज निघून जातो. त्यामुळे मुख्य पहारेकऱ्याला धोका कळलाच नाही. त्यातले काही उशिरा दाखल झाले. माझ्या मनातून ते अजून जात नाहीत.

उन्हाळ्यात विहिरीवर बुडी मारण्याची पैज लावणाऱ्या मुलांचेही असेच होते. आधी भराभर श्वास घेतले की ऑक्सिजन वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो. मग पाण्याखाली 'वर ये' ही हाक येण्याआधीच शुद्ध हरपते. घरात पोहणारी मुले असतील तर त्यांना हे आजच सांगा.

आणि ज्यांना सीओपीडी आहे, घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे, त्यांनी आकडा 98 दिसावा म्हणून प्रवाह स्वतःहून वाढवू नये. अशा काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुंगी येते. त्यांच्यासाठी बहुधा 88 ते 92 पुरेसे असते. तुमचा आकडा किती असावा हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. सकाळी डोके दुखत असेल किंवा दिवसा फार झोप येत असेल तर तेही त्यांना सांगा.

काकूंना मी प्राणायाम चालू ठेवायला सांगितला. ऑक्सिमीटर मात्र कपाटात ठेवायला लावला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आता शांत बसता येईल."