गिझर चालू आहे, तरी पाणी लगेच थंड का होतं? आधी हे तपासा

पहिली बादली कढत, दुसरी कोमट आणि तिसरी थेट गार. थंडी पडली की हा प्रकार घरोघरी सुरू होतो आणि खापर फुटतं गिझरवर. "खराब झालाय, नवीनच घ्या" असं सांगणारेही लगेच भेटतात. पण पाणी गरमच न होणं आणि गरम झालेलं पाणी न टिकणं हे दोन वेगळे बिघाड आहेत. दुसऱ्या प्रकारात तर अनेकदा गिझर ठणठणीत असतो आणि घोळ नळाच्या जोडणीत असतो.

मुळात आपल्या गिझरकडून अपेक्षा किती ठेवायची, ते आधी बघू. घरात साधारणपणे 15 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर असतो. 20 अंशांचं पाणी 60 अंशांपर्यंत न्यायला त्याला किमान 21 मिनिटं लागतात. 25 लिटरचा असेल तर 35 मिनिटं. हे 60 अंशांचं पाणी अंगावर घेता येत नाही, त्यात गार पाणी मिसळावं लागतं. 15 लिटर गरम पाण्यात 20 अंशांचं तेवढंच पाणी मिसळलं की अंघोळीजोगं 40 अंशांचं पाणी मिळतं 30 लिटर, म्हणजे मोठ्या बादलीने दीड बादली. मिनिटाला 8 लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ते चार मिनिटांतच संपतं. त्यामुळे एकापाठोपाठ दोघांनी शॉवर घेतला आणि दुसऱ्याला गार पाणी लागलं, तर तो बिघाड नाही, साधं गणित आहे.

या गणितात हवामानही येतं. नळाचं पाणी 25 अंशांवर असताना जो गिझर 18 मिनिटांत काम उरकतो, त्याला जानेवारीत निफाडसारख्या ठिकाणी 15 अंशांच्या पाण्यासाठी 23-24 मिनिटं लागतील. व्होल्टेज कमी असेल तर आणखी उशीर. 230 ऐवजी 190 व्होल्ट मिळत असतील, तर 2000 वॅटचा गिझर जेमतेम 1365 वॅट ताकदीने चालतो आणि 21 मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. गावाकडे सकाळी सगळ्यांचे गिझर आणि मोटारी एकदम सुरू होतात, तेव्हा हे सहज होतं.

गरम पाणी जातं कुठे?

पुरेसा वेळ देऊन आणि कमी पाणी वापरूनही कोमटच येत असेल, तर एक चाचणी घरीच करता येते. गिझरचा मेन स्विच बंद करा. गिझरमध्ये गार पाणी नेणाऱ्या पाइपवरचा अँगल कॉक बंद करा. आता बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उघडा. थोडं पाणी येऊन थांबलं, तर जोडणी ठीक आहे. धार चालूच राहिली, तर गार पाणी दुसऱ्या वाटेने गरम लाइनमध्ये घुसतंय.

ही वाट बहुतेक वेळा मिक्सरमधून जाते. शॉवरच्या मिक्सरला गार आणि गरम अशा दोन्ही लाइन येतात. आतला भाग झिजला, किंवा दोन्ही नॉब उघडे ठेवून पाणी फक्त हँडशॉवरच्या टोकाशी बंद केलं, की गार पाणी आतल्या आत गरम लाइनमध्ये शिरतं. मग बाथरूममध्ये मिक्सर बिघडलेला आणि कोमट पाणी मात्र किचनच्या नळाला, असंही होतं. सोलर आणि गिझरची लाइन एकत्र जोडलेल्या घरांत मधला कॉक उघडा राहिला, तरी परिणाम हाच.

चाचणी झाली की अँगल कॉक आधी उघडा, गरम नळातून भरपूर धार येऊ द्या आणि मगच स्विच लावा. टाकीत पाणी नसताना गिझर चालू झाला तर एलिमेंट जळतं.

जोडणी ठीक निघाली तर पुढचं काम मेकॅनिकचं. उभ्या गिझरला दोन्ही पाइप खालूनच जोडलेले असतात, पण गरम पाणी बाहेर नेणारी नळी आत टाकीच्या वरच्या भागापर्यंत गेलेली असते. ती मध्येच तुटली किंवा सडली, तर वरचं गरम पाणी तसंच राहतं आणि नळाला खालचं गार पाणी येतं.

दुसरा संशयित म्हणजे क्षार. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर एलिमेंटवर चढतात. गिझरमधून खदखद आवाज येणं ही त्याची खूण. क्षारांमुळे बिल दुप्पट होतं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं, ते खरं नाही. एलिमेंटची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. खरा त्रास वेगळा आहे. क्षारांच्या थराखाली एलिमेंट जास्त तापतं, थर्मोस्टॅट किंवा कट-आउट वेळेआधीच वीज तोडू शकतं आणि शेवटी एलिमेंट जळतं. त्यामुळे गार पाण्यापासून सुरुवात करूनही गिझरचा दिवा पाच-सात मिनिटांत विझत असेल, तर थर्मोस्टॅट आणि क्षार दोन्ही तपासून घ्या.

हे मात्र करू देऊ नका

कट-आउट सारखा पडतो म्हणून काही जण त्याच्या वायरी डायरेक्ट जोडून देतात. पाणी गरम होतं, घरचे खूश होतात. पण थर्मोस्टॅट अडकला तर पाणी उकळण्यापासून थांबवणारं शेवटचं साधन गेलेलं असतं.

सेफ्टी व्हॉल्व्हचंही तेच. 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं की पाव लिटरच्या आसपास फुगतं. हे जास्तीचं पाणी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. तापताना असं ठिबकणं म्हणजे गळती नाही. बाथरूम ओलं होतं म्हणून ते तोंड बूच लावून बंद केलं, तर दाबाला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि टाकी फुटू शकते. ठिबकणं थांबवायचं नाही, तोंडाला नळी लावून ती गटारापर्यंत न्यायची. गिझर बंद असतानाही पाणी सतत येत असेल, तर व्हॉल्व्ह बदलावा लागतो किंवा लाइनचा दाब जास्त असतो.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वरचं काहीही करत बसू नका. एमसीबी पाडा आणि एलिमेंट व अर्थिंग तपासल्याशिवाय गिझर लावू नका.

मिक्सर, व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅट, एलिमेंट हे सगळं बदलता येतं. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो टाकीच्या आधी स्वतः झिजतो, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी तो काढून दाखवायला सांगा. टाकीच गळायला लागली असेल, तरच नवीन गिझर बघायला निघा.